पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं सहा दिवसांचं शिक्षक-प्रशिक्षण: जावं का, आणि जायचं तर काय बघून

मराठवाड्यातल्या बऱ्याच कॉलेजांची पॉवर इलेक्ट्रॉनिक्स लॅब डोळे मिटून सांगता येते. भिंतीलगत ट्रेनर किटच्या पेट्या, वर छापलेली सर्किटची आकृती, पाच-सहा पॅच कॉर्ड, आणि कॉर्ड जोडल्या की डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) हवी तशी वेव्हफॉर्म. एससीआरची (गेटला इशारा मिळाला की चालू होणाऱ्या स्विचची) व्ही-आय कॅरॅक्टरिस्टिक, यूजेटी (एससीआरला तो इशारा देणारा जुना ट्रान्झिस्टर) ट्रिगरिंग, हाफ कंट्रोल्ड ब्रिज. यूजेटी आता दुकानात सहजासहजी मिळत नाही, जर्नलमध्ये मात्र दरवर्षी नव्याने लिहिला जातो. पोरं पास होतात, ओरलमध्ये 'डेड टाइम का ठेवतात' (एक स्विच बंद झाल्यावर जोडीचा दुसरा चालू होण्याआधीचा छोटा विराम) याचं उत्तरही देतात. पण डेड टाइम नसला की नेमकं काय होतं ते ना पोरांनी पाहिलेलं असतं, ना शिकवणाऱ्याने.

छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात भरलेला 'पॉवर इलेक्ट्रॉनिक्स: संशोधन आणि औद्योगिक उपयोग' हा सहा दिवसांचा वर्ग या दुखण्यावरच होता. डिग्री आणि पॉलिटेक्निक मिळून चाळीस शिक्षक, दहा टेबलं, नोंदणी अडीच हजार रुपये, राहण्याची सोय वेगळी. कॉलेजचं नाव देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे येतील त्या अशा बऱ्याच वर्गांना सारख्याच लागू पडतात.

मत आधीच सांगून टाकतो. पहिला दिवस चुकला तरी काही बिघडत नाही. दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस रजा टाकून करावा असा. पाचव्या दिवसाची जालन्याची फेरी म्हणजे या वर्गाची खरी कमाई. सहावा दिवस, म्हणजे ज्याच्या नावावर 'संशोधन' हा शब्द होता तो, सगळ्यात फिका.

पहिल्या दिवशी उद्घाटन, सत्कार, शाली, मग दोन भाषणं. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये एससीआर कसा जन्मला इथपासून सिलिकॉन कार्बाइडच्या नव्या स्विचपर्यंतचा प्रवास ८० स्लाइडमध्ये. समोर बसलेले सगळे हेच वर्गात शिकवतात. त्याऐवजी तो अर्धा दिवस सोल्डरिंगला दिला असता तर पुढचे तीन दिवस हलके गेले असते, कारण चाळीसातल्या निम्म्या हातांना सोल्डरिंगची सवय सुटलेली होती. कोरडे सांधे शोधण्यात दुसऱ्या दिवसाची दुपार गेली.

दुसऱ्या दिवसाचं काम कागदावर साधं वाटतं: २४ व्होल्टवरून १२ व्होल्ट, ३ अँपियर, ५० किलोहर्ट्झ, असा बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज खाली उतरवणारं सर्किट) शून्यापासून उभा करायचा. तयार इंडक्टर दिला नाही, इथेच वर्गाने मन जिंकलं. करंटचा चढउतार (रिपल) २० टक्के धरला, म्हणजे ०.६ अँपियर. इंडक्टरवर ऑन काळात १२ व्होल्ट, ड्यूटी (स्विच चालू असण्याचा वाटा) ०.५, १२ गुणिले ०.५, भागिले ५०,००० गुणिले ०.६, उत्तर २०० मायक्रोहेन्री. इथवर सगळे दोन मिनिटांत पोचले. पुढे ई ३०/१५/७ चा फेराइट कोअर हातात आला आणि खोली शांत झाली.

त्या कोअरचं छेदक्षेत्र ६० चौरस मिलिमीटर. पीक करंट ३.३ अँपियर, फ्लक्स डेन्सिटी ०.२५ टेस्लाच्या वर न्यायची नाही. २०० मायक्रोहेन्री गुणिले ३.३, भागिले ०.२५ गुणिले ६० चौरस मिलिमीटर, म्हणजे ४४ वेढे. एवढे वेढे बिनगॅपच्या फेराइटवर घातले तर कोअर सॅच्युरेट होणार, म्हणजे त्यात आणखी फ्लक्स मावणार नाही, म्हणून एअर गॅप. हिशोबाने एकूण गॅप ०.७३ मिलिमीटर येतो. खरी गंमत इथे झाली. गॅपसाठी झेरॉक्सचा साधा ए-४ कागद वापरला. ८० जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. दोन टेबलांनी हिशोब बरोबर केला आणि सात कागद घातले. एलसीआर मीटरवर इंडक्टन्स आला शंभर मायक्रोहेन्रीच्या आसपास.

कारण सोपं, पण पुस्तकात वाचून डोक्यात न बसणारं. कोअरच्या दोन अर्ध्या भागांमध्ये कागद ठेवला की तो मधल्या पायाखाली येतो आणि कडेच्या पायांखालीही. फ्लक्सला एका फेऱ्यात तो गॅप दोनदा ओलांडावा लागतो. म्हणून कागदाची जाडी अर्धी, ०.३६ मिलिमीटर हवी: चार कागद. सात घातले की इंडक्टन्स निम्मा, रिपल ०.६ ऐवजी १.२ अँपियर, पीक ३.६ वर. चार कागदवाल्या टेबलांचे आकडे १९० ते २१५ च्या मधे आले. हे एकदा स्वतःच्या हाताने चुकलं की पोरांना आयुष्यभर नीट शिकवता येतं.

तारेचाही हिशोब नीट करून घेतला. ५० किलोहर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ (करंट पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीत वाहतो ती) ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून ०.६ पेक्षा जाड तार एकेरी घालायची नाही. २४ गेजची तार ०.५६ मिलिमीटर, तीन पदरी पिळून घेतली की पाऊण चौरस मिलिमीटर तांबं मिळतं आणि करंट डेन्सिटी चौरस मिलिमीटरला ४ अँपियरच्या घरात राहते. प्रशिक्षकांनी हे नियम म्हणून सांगितलं, तेवढं पटलं नाही. बकच्या इंडक्टरमध्ये बहुतांश करंट डीसी असतो, रिपल २० टक्केच. इथे जाड एकेरी तारेनेही भागलं असतं. फ्लायबॅक या दुसऱ्या प्रकारच्या कन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र हा नियम मोडून चालत नाही. हा फरक सांगितला असता तर बरं झालं असतं, कारण वर्गातले निम्मे शिक्षक आता प्रत्येक ठिकाणी तीन पदर पिळत बसणार.

आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सूत्राने रिपल व्होल्टेज १५ मिलिव्होल्ट. डीएसओवर ६० च्या वर, आणि शिवाय प्रत्येक स्विचिंगला उभे काटे. पहिला फरक ईएसआरचा, म्हणजे कपॅसिटरच्या आतल्या रोधाचा: साध्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर ०.१ ओहम धरला तरी ०.६ अँपियरला ६० मिलिव्होल्ट तिथेच पडतात. कपॅसिटन्स वाढवत नेण्यापेक्षा लो-ईएसआर घ्यावा किंवा दोन-तीन समांतर लावावेत. दुसरा फरक, म्हणजे ते काटे, सर्किटमध्ये नव्हतेच. प्रोबची मगर-क्लिपवाली १५ सेंटिमीटरची ग्राउंड वायर लूप बनून अँटेनासारखी वागत होती. ती काढून प्रोबच्या टोकाला छोटी स्प्रिंग लावली आणि कपॅसिटरच्या पायांवरच मोजलं तर काटे जवळजवळ गायब. या एका प्रयोगाला जेमतेम पंधरा मिनिटं लागली. सगळ्या वर्गातली सगळ्यात उपयोगी पंधरा मिनिटं तीच.

डीएसओवरून निघालंच आहे तर मोठी तक्रार इथेच. दहा टेबलांत मिळून डिफरेन्शियल प्रोब (अर्थशी न बांधता कुठल्याही दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजणारे) दोन. डीएसओच्या सगळ्या चॅनलचं ग्राउंड आतून एकच असतं आणि ते अर्थला बांधलेलं असतं. एका प्रोबची क्लिप बकच्या वरच्या मॉस्फेटच्या (स्विचिंग ट्रान्झिस्टरच्या) सोर्स टोकाला आणि दुसऱ्याची शून्याला लावली की डीएसओमधूनच शॉर्ट. हे एका टेबलावर घडलंच. प्रोबची ग्राउंड वायर तापून वितळली. नशीब चांगलं म्हणून सप्लायला करंट लिमिट होतं. त्यानंतर एका सहायकाने सुचवलेला उपाय मात्र भयंकर: डीएसओच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकायची. बऱ्याच लॅबमध्ये हेच चालतं, म्हणून स्पष्ट लिहायला हवं. अर्थ काढला की डीएसओची सगळी धातूची बॉडी मोजणीच्या बिंदूच्या व्होल्टेजला जाते. ६० व्होल्टला चटका, ५६० व्होल्टच्या डीसी बसवर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्यावर, मृत्यू. डिफरेन्शियल प्रोब नसेल तर दोन चॅनल एकाच शून्यावरून लावून गणिती वजाबाकी करावी, अचूकता थोडी कमी मिळते पण माणूस शाबूत राहतो. मुख्य प्रशिक्षकांनी लगेच थांबवलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

बूटस्ट्रॅपचा, म्हणजे वरचा मॉस्फेट चालू करायला लागणारं जादा व्होल्टेज साठवणाऱ्या कपॅसिटरचा, गोंधळ तिसऱ्या दिवशी सकाळी. गेट ड्रायव्हर (मॉस्फेट चालू-बंद करणारी आयसी) आयआर२११०, बूटस्ट्रॅप कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, सप्लाय १५ व्होल्ट. रेझिस्टिव्ह लोडवर सगळी टेबलं चालली. मग लोड काढून १२ व्होल्टची बॅटरी जोडली, कारण आपल्याकडे बकचा पहिला उपयोग सोलर चार्जर हाच. एकही सर्किट सुरू होईना. आयसी उडाली असं समजून तीन टेबलांनी आयसी बदलून पाहिली.

आयसी ठणठणीत होती. वरच्या मॉस्फेटचा सोर्स बॅटरीमुळे इंडक्टरमार्गे आधीच १२ व्होल्टवर बसलेला. बूटस्ट्रॅप कपॅसिटर चार्ज व्हायला १५ वजा डायोडचे ०.७ वजा १२, म्हणजे हातात उरले सव्वादोन व्होल्ट. ड्रायव्हरचं अंडरव्होल्टेज लॉकआउट (ज्याच्या खाली तो कामच करत नाही ते व्होल्टेज) साडेआठच्या आसपास. तो गेट उघडणारच नाही. खाली डायोडऐवजी मॉस्फेट असेल तर सुरुवातीला तो ५ मायक्रोसेकंद ऑन करायचा: सोर्स शून्यावर येतो, कपॅसिटर भरतो, आणि इंडक्टरमधून उलटा करंट जेमतेम ०.३ अँपियर वाढतो, त्याने काही बिघडत नाही. खाली डायोडच असेल तर वरच्या ड्रायव्हरला वेगळा आयसोलेटेड सप्लाय. याच जोडीला दुसरी चूक, बूटस्ट्रॅप डायोड म्हणून १एन४००७. कपाटात तोच असतो म्हणून तोच लागतो. ५० हर्ट्झच्या कामाचा हा डायोड ५० किलोहर्ट्झला वेळेत बंद होत नाही आणि प्रत्येक सायकलला कपॅसिटरमधला चार्ज परत सप्लायकडे वाहून जातो. यूएफ४००७ लावा, दिसायला जुळा भाऊ, किमतीत फरक किरकोळ.

दुपारपासून डीएसपी, म्हणजे स्विचिंगचा हिशोब करणारी प्रोसेसर चिप. टीएमएस३२०एफ२८३७९डीचा लाँचपॅड बोर्ड, दर टेबलाला एक. फुल ब्रिज इन्व्हर्टर (डीसीची एसी करणारं चार स्विचांचं सर्किट), डीसी बस ६० व्होल्ट, १० किलोहर्ट्झ. पीडब्ल्यूएमचं (स्विचला चालू-बंद करणाऱ्या पल्सचं) घड्याळ १०० मेगाहर्ट्झ, अप-डाउन मोजणी, म्हणून पिरियड रजिस्टरमध्ये ५०००. डेड बँडमध्ये १०० टाकले की १ मायक्रोसेकंद. सगळ्यांनी हेच टाकलं आणि डीएसओवर ५ किलोहर्ट्झ आले. अर्धा तास जो तो पिरियडच्या मागे. दोष पिरियडचा नव्हताच: या चिपमध्ये रीसेटनंतर पीडब्ल्यूएमच्या घड्याळाचा एक विभाजक आपोआप २ वर बसलेला असतो. तो १ वर आणला नाही तर फ्रिक्वेन्सी निम्मी, आणि डेड टाइम गुपचूप दुप्पट. अडकवून शिकवण्याची ही पद्धत आवडली. मात्र तयार कोडमध्ये ही ओळ आधीच घालून देणारे वर्गही असतात. तिथून परतल्यावर कॉलेजात स्वतःचा कोड लिहायला बसलं की हाच अर्धा तास एकट्याने तीन दिवस पुरतो.

डेड टाइम का हवा, हे दाखवलं ते मात्र फार देखणं. आयआर२११० स्वतःहून डेड टाइम ठेवत नाही, वरची आणि खालची इनपुट स्वतंत्र असतात. डीएसपीतला आकडा १०० वरून ५०, ३०, १० असा खाली आणत नेला आणि सप्लायच्या मीटरवर बिनलोडचा करंट बघायला सांगितला. एका टप्प्यावर वरचा आणि खालचा मॉस्फेट क्षणभर एकदमच चालू राहतात, करंट एकदम चढतो, मॉस्फेट तापतात. पुढे शून्य केलं आणि फट्. इथे एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती: सप्लायला १ अँपियरचं करंट लिमिट लावलेलं असूनही मॉस्फेट उडाला. लिमिट सप्लायला असतं, बसवरच्या कपॅसिटरला नसतं. १००० मायक्रोफॅरड ६० व्होल्टला म्हणजे १.८ ज्यूल, आणि ते सगळे मॉस्फेटमध्ये रिकामे झाले. वर्गाने दर टेबलाला सहा जादा मॉस्फेट दिले होते आणि उडाले तरी कुणी कपाळाला आठी घातली नाही. कॉलेजच्या डेड स्टॉक रजिस्टरच्या धाकात वाढलेल्या शिक्षकांना याचं अप्रूप वाटणारच.

त्या कपॅसिटरला ब्लीडर रेझिस्टर (उरलेला चार्ज रिकामा करणारा) मात्र बोर्डवर नव्हता. १० किलोओहम, १ वॉट लावला तरी पुरे: टाइम कॉन्स्टंट १० सेकंद, मिनिटाभरात बस मेली. सप्लाय बंद करून लगेच बोर्डला हात घालणाऱ्यांची संख्या पाहता हे राहून जायला नको होतं.

चौथा दिवस सोलर पंपाच्या ड्राइव्हचा, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या इन्व्हर्टरचा. विषय निवडला तो इथल्या जमिनीला धरून. बीड, धाराशिव, लातूरकडे बोअर खोल, आणि गावोगाव सोलर पंप बसलेले. ५ एचपीच्या पंपाला ४,८०० वॉटचं पॅनेल, बॅटरी नाही, ड्राइव्ह थेट पॅनेलवर. शेतकऱ्याची नेहमीची तक्रार, 'सकाळी मोटार फिरते पण पाणी येत नाही', या एका वाक्यावरून अख्खं सत्र उभं केलं. फ्लो वेगाच्या प्रमाणात, हेड (पाणी उचलण्याची उंची) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, पॉवर घनाच्या. ५० हर्ट्झला जो पंप ६० मीटर उचलतो तो ३० हर्ट्झला ६० चे ३६ टक्के, म्हणजे साडेएकवीस मीटर. पाणी ४० मीटरवर असेल तर मोटार नुसतीच घुमणार. ड्राइव्हची किमान फ्रिक्वेन्सी बोअरच्या पातळीवरून ठरवायला हवी, कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर सोडून द्यायची नाही.

इथला एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा कंट्रोल) बॅटरी चार्जरमधल्यासारखा ड्यूटी हलवत नाही, मोटारीची फ्रिक्वेन्सी हलवतो. ढग आला, पॅनेलची ताकद कमी झाली आणि ड्राइव्हने फ्रिक्वेन्सी तशीच धरली तर डीसी बस कोसळते आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. म्हणून वर चढताना हळू, उतरताना झटकन. सिम्युलेशनमध्ये दोन्हीकडे एकच पायरी ठेवलेले प्रबंध ढिगाने सापडतात. शेतात तो ड्राइव्ह श्रावणात दिवसभर ट्रिप होत राहील. लांब केबलचा मुद्दाही आला. ४१५ व्होल्टच्या लाइनवर डीसी बस ५८७ च्या आसपास. आयजीबीटी (ड्राइव्हमधला स्विच) फार झपाट्याने स्विच होतो आणि १०० मीटर केबलच्या टोकाला मोटारीवर लाट आपटून परतते, व्होल्टेज जवळजवळ दुप्पट, ११०० च्या वर. वाइंडिंगचे पहिले काही वेढे जळतात ते त्यामुळे. रिवाइंडिंगवाला 'लोड जास्त होता' म्हणतो. ड्राइव्हच्या टोकाला डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजचा चढ हळू करणारा) लावला की प्रश्न मिटतो.

आता जालना. संभाजीनगरहून साठेक किलोमीटर, सकाळी सातची बस. सळ्यांच्या गिरण्या आणि इंडक्शन भट्ट्यांचं हे शहर म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकासाठी घराशेजारचं विद्यापीठ. मराठवाड्यातली कॉलेजं पोरांना सहलीसाठी पुण्यापर्यंत नेतात आणि जालना मात्र सोडून देतात, हे कोडंच आहे.

कुठल्या कारखान्यात नेलं ते महत्त्वाचं नाही, तिथे काय दाखवलं ते महत्त्वाचं. पुस्तकातून हद्दपार होत चाललेला एससीआर इथे राजा आहे. कॅप्सूल टाइप एससीआर, दोन्ही बाजूंनी पाण्याने थंड केलेले, करंट सोर्स इन्व्हर्टर, मधे जाडजूड डीसी रिअॅक्टर (मोठा इंडक्टर), आणि भट्टीची कॉइल समांतर कपॅसिटर बँकेशी रेझोनन्समध्ये. कॉइल म्हणजे पोकळ तांब्याची नळी, आतून पाणी. ते पाणी डीएम (क्षार काढलेलं) का असतं, कारण नळाच्या पाण्यातले क्षार वीज वाहतात आणि कॉइलवरचं व्होल्टेज पाण्याच्या होजमधून गळायला लागतं. हे पॅनेलसमोर उभं राहून ऐकलं की पुन्हा विसरत नाही.

भट्टीचा ऑपरेटर वर्गातल्या सगळ्या डॉक्टरेटवाल्यांना भारी पडला. भंगार थंड असताना फ्रिक्वेन्सी कमी, माल तापत गेला की वाढते. अस्तर झिजलं की अजून वाढते. त्याला हे मीटरवर रोज दिसतं. प्रशिक्षकांनी त्याला कारण जोडलं: साधारण ७७० अंशांच्या वर लोखंडाचं चुंबकत्व जातं, कॉइलचा इंडक्टन्स घटतो, अस्तर झिजलं की वितळलेला माल कॉइलच्या जवळ येतो, पुन्हा इंडक्टन्स घटतो. इन्व्हर्टरला लोडची फ्रिक्वेन्सी सतत धरून ठेवावी लागते आणि लोड किंचित कपॅसिटिव्ह बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर एससीआर बंद व्हायला वेळच मिळत नाही. 'लोड कम्युटेशन' म्हणून फळ्यावर जे एक आडवं चित्र काढलं जातं ते इथे जिवंत होतं. आणखी एक बारकावा मेंटेनन्सच्या माणसाने सांगितला: नवा एससीआर बसवताना क्लॅम्प साध्या पान्याने अंदाजे आवळला की तो आठ-पंधरा दिवसांत पुन्हा जातो. दाब असमान पडला तर उष्णता एका कडेने बाहेर पडत नाही. दाब मोजणारा क्लॅम्प वापरायचा, दोन्ही बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे.

हार्मॉनिक्सचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या करंटांचा, भाग तर वर्गाचा कळस म्हणावा असा. सहा पल्सच्या रेक्टिफायरला (एसीची डीसी करणाऱ्या ब्रिजला) सैद्धांतिक पाचवा हार्मॉनिक २० टक्के, सातवा १४.३, अकरावा ९.१. बारा पल्स करायचं तर ट्रान्सफॉर्मरची एक सेकंडरी स्टार, दुसरी डेल्टा, दोन्हींत ३० अंशांचा फरक. दोन ब्रिजांचे पाचवे एकमेकांना मारतात, सातवेही. कागदावर ते शून्य होतात. मीटरिंगच्या पॅनेलवर लावलेल्या अॅनालायझरवर पाचवा शून्य नव्हता, कारण दोन ब्रिजांचं फायरिंग आणि लोड तंतोतंत सारखं कधीच नसतं. विद्यार्थ्याने प्रॅक्टिकलमध्ये 'शून्य आला' असं लिहिलं तर संशय घ्यायचा, हे शिक्षकांनी इथून घेऊन जावं.

त्यानंतरचा हिशोब प्रत्येकाने वहीत उतरवला. समजा ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, इम्पीडन्स ५ टक्के. शॉर्ट सर्किट क्षमता २० एमव्हीए. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा) सुधारायला ८०० केव्हीएआरचे कपॅसिटर लावले. २०,००० भागिले ८००, पंचवीस, वर्गमूळ ५. म्हणजे रेझोनन्स नेमका पाचव्या हार्मॉनिकवर. पॉवर फॅक्टरच्या दंडापासून वाचायला लावलेले कपॅसिटर फुगतात, फ्यूज जातात आणि मालक कपॅसिटरवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. ४०० केव्हीएआरला तोच हिशोब सातव्याजवळ येतो, म्हणजे निम्मे काढूनही सुटका नाही. उपाय ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर मालिकेत: मग ट्यूनिंग १८९ हर्ट्झला उतरतं, पाचव्याच्या बरंच खाली. आयईईई ५१९ या हार्मॉनिक्सच्या मानकाची मर्यादा कुठे लावायची यावरही चांगला वाद झाला. ती सामायिक जोडणीच्या बिंदूला, ग्राहक आणि वीज कंपनी यांच्या सीमेवर लागते. एकट्या मशिनच्या टर्मिनलला मोजून 'फेल' ठरवणारे अहवाल आणि पेपर दोन्ही चुकीचे.

सहाव्या दिवसाबद्दल थोडक्यात. 'संशोधन' म्हणजे कुठल्या जर्नलला पाठवायचं, प्लेजिअॅरिझम किती टक्के चालतं, साइटेशन कसं वाढवायचं. याला संशोधनाचं प्रशिक्षण म्हणता येत नाही. ज्या गोष्टी पेपर तपासणारा पहिल्यांदा धरतो त्यांना हातही लागला नाही. उदाहरणार्थ, चार साध्या मीटरांनी मोजलेली ९५ टक्के एफिशियन्सी. दोन व्होल्टेज आणि दोन करंट, प्रत्येकी एक टक्का चूक धरली तर सगळ्या एकाच बाजूला पडल्यास चार टक्के. एकूण लॉस पाच टक्के आणि मोजणीतली चूक चार टक्के. मग 'प्रस्तावित पद्धतीने एफिशियन्सी दीड टक्क्याने वाढली' या वाक्याला अर्थ काय उरला? किंवा सिम्युलेशनची पायरी: ५० किलोहर्ट्झचा कन्व्हर्टर १ मायक्रोसेकंदाच्या पायरीने चालवला तर एका सायकलमध्ये वीसच बिंदू, ड्यूटी पाच-पाच टक्क्यांच्या उड्या मारणार, आणि त्यातून येणाऱ्या डोलण्याला कंट्रोलरचा दोष समजून लोक गेन बदलत बसतात. डबल पल्स टेस्ट तर याच लॅबमध्ये, याच बोर्डवर करता आली असती: ५०० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर, १०० व्होल्ट, १० अँपियर हवा तर पहिली पल्स ५० मायक्रोसेकंद, मग छोटी विश्रांती, मग दुसरी. टर्न-ऑफ आणि टर्न-ऑन लॉस मोजून मिळाला असता, आणि कुणाच्यातरी पुढच्या पेपराचा पायाही. संध्याकाळी एमसीक्यू परीक्षा झाली, प्रमाणपत्रं झाली, ग्रुप फोटो झाला.

जेवण चांगलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा दोन दिवस होता. होस्टेलला पाणी सकाळी नऊपर्यंतच. एकदा लाईट गेली तेव्हा जनरेटरला दहा मिनिटं लागली आणि सेव्ह न केलेला कोड गेला. यूपीएस फक्त उद्घाटनाच्या हॉलला होता.

असा वर्ग कुठेही असो, नोंदणीआधी संयोजकांना फोन करून विचारावं: टेबलामागे माणसं किती? इथे चार होती, त्यातला एक नेहमी नुसता बघत राहिला. तीनच्या वर नको. डिफरेन्शियल प्रोब किती, इंडक्टर स्वतः वळायचा आहे की तयार मिळणार, जादा मॉस्फेट आहेत का, कारखान्याच्या फेरीत पॅनेलपाशी जाता येतं की काचेबाहेरून बघायचं. या प्रश्नांवर 'ते तेव्हा बघू सर' असं उत्तर आलं तर तो वर्ग स्लाइडचा समजावा.

परतल्यावर यूजेटीच्या प्रॅक्टिकलच्या जागी हा बक बसवता येतो, पण एका अडचणीची तयारी हवी. पहिल्यांदा वळणाऱ्या विद्यार्थ्याला ४४ वेढे तीन पदरी वळायला पाऊण तास लागतो, इनॅमल खरवडून कथील धरायला अजून पंधरा मिनिटं. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये निम्मा वेळ तिथेच. तार आधीच पिळून, कापून आणि टोकं घासून ठेवावी, किंवा वळणं एका आठवड्यात आणि मोजणं पुढच्या. कोअर आणि बॉबिन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून एकदम मागवावेत, आणि बॅचला लागतात त्यापेक्षा चार-पाच जोड्या जास्तच. फेराइट काचेसारखा असतो. फरशीवर पडला की गेला, आणि एका बॅचमध्ये एखादा तरी पडतोच.